कर्ज एकाचे, वसुली दुसऱ्याची : गृहकर्जाच्या सेवाहक्काचे मोल कसे ठरते?

गृहकर्ज म्हणजे एकच व्यवहार, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. बँक पैसे देते, घर गहाण ठेवून घेते आणि वीस वर्षे हप्ते गोळा करते. प्रत्यक्षात या एका व्यवहारात निदान दोन निरनिराळे हक्क गुंफलेले असतात. मुद्दल आणि व्याज मिळण्याचा हक्क हा पहिला. ते मुद्दल आणि व्याज कर्जदाराकडून वसूल करण्याचे, हिशेब ठेवण्याचे, थकबाकीदाराला नोटीस धाडण्याचे आणि कर्ज फिटल्यावर मिळकतीची कागदपत्रे परत करण्याचे काम करून त्याचा मेहनताना घेण्याचा हक्क हा दुसरा. या दुसऱ्या हक्काला ‘गहाणकर्ज सेवाहक्क’ म्हणतात. हे दोन्ही हक्क एकमेकांपासून वेगळे करता येतात, त्यांची स्वतंत्रपणे खरेदी-विक्री होऊ शकते आणि म्हणूनच ताळेबंदात त्यांची किंमत कशी मांडावी, हा प्रश्न उभा राहतो. प्रश्न लेखापालांचा वाटला, तरी त्याच्या उत्तरावर बँकेचा नफा खरा की कागदी, आणि कर्जदाराचे खरेदीखत नेमके कोणाच्या तिजोरीत, या दोन्ही गोष्टी अवलंबून असतात.

आदिलाबादचा अनुभव

पैनगंगेच्या दक्षिणेस, यवतमाळ जिल्ह्याला लागून असलेला आदिलाबाद जिल्हा आज तेलंगणात आहे. १९५६ पर्यंत तो मराठवाड्याबरोबर हैदराबाद राज्यात होता. जैनथ, बेला या भागांतील गावांत आजही घराघरांत मराठी बोलली जाते. या जिल्ह्यातील कर्जदारांनी गेल्या वीस वर्षांत बँकांच्या पाट्या अनेकदा बदलताना पाहिल्या. आदिलाबाद येथे मुख्यालय असलेली श्री सरस्वती ग्रामीण बँक २००६ मध्ये अन्य तीन ग्रामीण बँकांसह डेक्कन ग्रामीण बँकेत विलीन झाली. तेलंगण राज्याच्या निर्मितीनंतर, २०१४ मध्ये, तिचे नाव तेलंगण ग्रामीण बँक झाले. हैदराबाद राज्याची जुनी बँक असलेली स्टेट बँक ऑफ हैदराबाद १ एप्रिल २०१७ रोजी भारतीय स्टेट बँकेत विलीन झाली.

या प्रत्येक विलीनीकरणात कर्जाचा मालक बदलला आणि सेवा देणाराही त्याच्याबरोबरच बदलला. दोन्ही हक्क एकाच गाठोड्यात एका हातातून दुसऱ्या हातात गेले. कर्जदाराला नवे पासबुक आणि नवा शाखा संकेतांक मिळाला, तोच या बदलाचा पुरावा होता.

सिक्युरिटायझेशन, म्हणजेच प्रतिभूतीकरण, याच्या नेमके उलट आहे. त्यात कर्जाचा मालक बदलतो, पण कर्जदाराच्या दृष्टीने काहीच बदलत नाही. हप्ता त्याच तारखेला, त्याच खात्यातून, त्याच कंपनीच्या नावे कापला जातो. आपले कर्ज विकले गेले आहे, हे त्याच्या ध्यानीमनीही नसते. ज्या संस्थेने कर्ज दिले तिने मालकी विकली, पण सेवाहक्क स्वतःकडे राखला, असा या व्यवहाराचा अर्थ. लेखाशास्त्रातील प्रश्न येथून सुरू होतो.

भारतातील वाटचाल

आपल्याकडे निवासी गहाणकर्जांच्या प्रतिभूतीकरणाचा आरंभ ऑगस्ट २००० मध्ये राष्ट्रीय आवास बँकेने केला. एचडीएफसी आणि एलआयसी हाउसिंग फायनान्स यांनी दिलेल्या गृहकर्जांचे संच त्यासाठी वापरले गेले. कर्जांची वसुली मात्र मूळ कंपन्यांकडेच राहिली. त्यानंतर हा बाजार रेंगाळत वाढला. मे २०२५ मध्ये राष्ट्रीय आवास बँकेच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या कंपनीमार्फत एलआयसी हाउसिंगच्या गृहकर्जांवर आधारलेली १,००० कोटी रुपयांची प्रमाणपत्रे राष्ट्रीय शेअर बाजारात नोंदली गेली. अशा प्रकारची ही देशातील पहिली नोंदणी होती.

दोन हक्क विलग होण्याचे सर्वांत मोठे आणि दीर्घकाळ चाललेले उदाहरण मात्र मुंबईतील आहे. एचडीएफसी बँक आपल्या शाखांतून गृहकर्जाचे ग्राहक आणी, एचडीएफसी लिमिटेड ही गृहवित्त कंपनी कर्ज मंजूर करून रक्कम देई आणि पुढे त्यांतील ७० टक्क्यांपर्यंत कर्जे विकत घेण्याचा पर्याय बँकेला असे. बँकेने घेतलेल्या कर्जांची मालकी बँकेकडे जाई, पण सेवा एचडीएफसी लिमिटेडच देत राही आणि त्याबद्दल शुल्क घेई. १ जुलै २०२३ रोजी दोन्ही संस्थांचे विलीनीकरण झाले. त्या दिवसापासून या कर्जांपुरता मालक आणि सेवेकरी एकच झाला आणि आपसातील सेवाहक्क संपुष्टात आला. स्वतःच्या कर्जाची स्वतः वसुली करणाऱ्याला त्या वसुलीचा हक्क वेगळी मालमत्ता म्हणून दाखवता येत नाही. सेवाहक्क कर्जापासून तुटल्यावरच ताळेबंदात दिसू लागतो.

किंमत कशी काढतात?

सेवाहक्काचे मूल्य काढण्याची रीत तत्त्वतः सोपी आहे. पुढील प्रत्येक वर्षी सेवाशुल्क किती मिळेल, हे आधी मांडायचे. त्यातून सेवा देण्याचा खर्च वजा करायचा. उरलेली रक्कम योग्य वटाव दराने आजच्या किमतीत आणायची आणि सर्व वर्षांची बेरीज करायची. अडचण आहे ती प्रत्येक पायरीवर कराव्या लागणाऱ्या गृहीतकांची.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. आदिलाबाद शहरातील एका शिक्षकाने घरासाठी २० लाख रुपयांचे कर्ज ९ टक्के दराने २० वर्षांसाठी घेतले. मासिक हप्ता सुमारे १७,९९५ रुपये येतो. कर्ज विकताना वित्तसंस्थेने शिल्लक मुद्दलावर वर्षाला ०.२५ टक्के सेवाशुल्क ठरवून घेतले. पहिल्या वर्षी शुल्क साधारण ५,००० रुपये. या एका खात्यामागे वर्षाला २,००० रुपये खर्च येतो, असे धरले तर पहिल्या वर्षी ३,००० रुपये उरतात.

पण मुद्दल घटत जाते. पाच वर्षांनी ते सुमारे १७.७४ लाख, दहा वर्षांनी १४.२१ लाख आणि पंधरा वर्षांनी ८.६७ लाख रुपये राहते. त्यानुसार शुल्क सहाव्या वर्षी सुमारे ४,४३५, अकराव्या वर्षी ३,५५० आणि सोळाव्या वर्षी २,१६५ रुपयांवर येते. खर्च मात्र मुद्दलाबरोबर घटत नाही. हप्ता लाखाच्या कर्जाचा असो वा वीस लाखांच्या, पावती एकच, फोन एकच, हिशेबाची नोंद एकच. खर्च दरसाल ५ टक्क्यांनी वाढतो असे धरल्यास तो सहाव्या वर्षी सुमारे २,५५०, अकराव्या वर्षी ३,२६० आणि सोळाव्या वर्षी ४,१६० रुपये होतो. म्हणजे अकराव्या वर्षी जेमतेम तीनशे रुपये सुटतात आणि सोळाव्या वर्षी जवळपास दोन हजारांची खोट येते. जी मालमत्ता म्हणून नोंदली होती, तीच शेवटच्या टप्प्यात ओझे होते.

कर्ज किती काळ जगेल?

सर्वांत नाजूक गृहीतक आहे मुदतपूर्व परतफेडीचे. कर्जदाराने कर्ज लवकर फेडले किंवा दुसऱ्या बँकेकडे नेले, की सेवाशुल्क त्याच दिवशी थांबते. हे समजण्यासाठी १०० कोटी रुपयांचा कर्जसंच घेऊ. शुल्क ०.२५ टक्के, खर्च ०.१० टक्के, म्हणजे पहिल्या वर्षी निव्वळ १५ लाख रुपये. वटाव दर १२ टक्के आणि नियमित व मुदतपूर्व परतफेड मिळून दरवर्षी शिलकीतील १० टक्के मुद्दल कमी होते असे धरले, तर या हक्काचे आजचे मूल्य सुमारे ६८ लाख रुपये निघते. घट १० ऐवजी २० टक्के धरली की तेच मूल्य ४७ लाखांवर येते. घट १० टक्केच ठेवून वटाव दर १५ टक्के केला, तर ६० लाख. कर्जसंच तोच, कर्जदार तेच, शुल्क तेच, तरी कागदावर एक आकडा बदलल्याने २१ लाखांचा फरक पडतो. किंमत काढणाऱ्याला नफा वाढवून दाखवायचा असेल, तर कर्जदार दीर्घकाळ टिकतील असे गृहीत धरणे पुरेसे आहे.

अमेरिकेत गृहकर्जे बहुधा स्थिर दराची असतात. व्याजदर उतरले की कर्जदार जुने कर्ज फेडून स्वस्त कर्ज घेतात आणि सेवाहक्काची किंमत कोसळते. दर चढले की लोक जुन्या कर्जाला चिकटून राहतात आणि किंमत वाढते. दर वाढताना रोख्यांची किंमत उतरते आणि सेवाहक्काची चढते, म्हणून तेथील बँका सेवाहक्काचा धोका झाकण्यासाठी वेगळे सौदे करतात.

आपल्याकडील चित्र वेगळे आहे. बहुतेक गृहकर्जे बदलत्या दराची आहेत. ऑक्टोबर २०१९ पासून बँकांनी नवी बदलत्या दराची गृहकर्जे बाह्य निर्देशांकाशी जोडली. रेपो दर उतरला की जुन्या कर्जाचा दरही उतरतो, त्यामुळे केवळ दरासाठी कर्ज फेडण्याचे कारण कमी होते. पण बदलत्या दराच्या वैयक्तिक गृहकर्जावर मुदतपूर्व परतफेडीचा दंड घेण्यास बँकांना २०१२ पासूनच मनाई आहे, आणि दुसरी बँक पाव टक्का कमी दर देऊ लागली की कर्ज तिकडे नेणे सोपे आहे. शिवाय आपला कर्जदार कर्जाला ओझे मानतो. निवृत्तीची रक्कम आली किंवा शेत विकले की तो आधी बँकेत जातो. त्यामुळे वीस वर्षांचे कर्ज कागदावर वीस वर्षांचे असले, तरी वीस वर्षे जगेलच असे धरणे धाडसाचे ठरते.

खर्च जागेवर ठरतो

सेवेचा खर्चही सर्वत्र सारखा नसतो. आदिलाबाद जिल्ह्यात नोटीस तेलुगूत काढली, पण कर्जदाराशी बोलणे मराठीत किंवा गोंडीत करावे लागते, असे प्रसंग येतात. कापसाचे पैसे हाती येईपर्यंत शेतकरी कुटुंबाचा हप्ता लांबू शकतो. उटनूर, इंद्रवेल्ली यांसारख्या अनुसूचित क्षेत्रात १९५९ च्या जमीन हस्तांतर विनियमामुळे आणि त्याच्या १९७० च्या दुरुस्तीमुळे बिगर-आदिवासींना जमीन विकता येत नाही. म्हणून तेथील गहाण मिळकत वसुलीसाठी विकायची झाली, तर खरेदीदार आदिवासीच असावा लागतो. खरेदीदारांची संख्या मर्यादित, म्हणजे वसुलीला वेळ अधिक आणि सेवेचा खर्चही अधिक. गोव्यात नागरी संहितेनुसार विवाहित व्यक्तीच्या स्थावर मिळकतीच्या व्यवहारात जोडीदाराची संमती लागते. ती कागदपत्रांत नसेल, तर पुढे वसुलीच्या वेळी तेच दुखणे होते. मुंबईत बसून देशभराच्या कर्जसंचाला एकच खर्च लावणारा हिशेब या फरकांकडे डोळेझाक करतो.

ताळेबंदातील नोंद

भारतीय लेखामानक इंड-एएस १०९ मध्ये या विषयाचा नियम आहे. कर्ज पूर्णपणे विकून ते ताळेबंदातून उतरवले आणि सेवा शुल्कासह स्वतःकडे ठेवली, तर एक कसोटी लावायची : ठरलेले शुल्क सेवेच्या कामासाठी पुरेसा मोबदला आहे का? येथे पुरेसा म्हणजे उद्या हेच काम दुसऱ्या कोणाला द्यावे लागले, तर तो जेवढे मागेल तेवढा. शुल्क त्याहून जास्त असेल, तर जादा भागापुरती सेवा-मालमत्ता नोंदायची. कमी असेल, तर सेवा-दायित्व वाजवी मूल्याने नोंदायचे. शुल्क पुरेसे तेवढेच असेल, तर काहीच नोंदायचे नाही.

वरच्या उदाहरणात खर्चाचा ०.१० टक्का हाच पुरेसा मोबदला मानू. १०० कोटींची कर्जे १०० कोटींनाच विकली आणि सेवाहक्काचे वाजवी मूल्य ४७ लाख निघाले. मानकानुसार कर्जांची जुनी पुस्तकी किंमत विकलेला भाग आणि राखलेला भाग यांत त्यांच्या मूल्यांच्या प्रमाणात वाटायची. तेव्हा सुमारे ४६.८ लाख रुपये सेवा-मालमत्तेच्या वाट्याला येतात आणि तेवढाच नफा विक्रीच्या दिवशी दिसतो. त्या दिवशी या नफ्यापोटी एक रुपयाही हातात आलेला नसतो. तो येईल तेव्हा वर्षांमागून वर्षे, थेंबाथेंबाने येईल, आणि तोही कर्जदार टिकले तर.

याच्या शेजारी आणखी एक मोठा आकडा असतो. कर्जदार ९ टक्के देतो, गुंतवणूकदाराला ८ टक्के मिळतात. उरलेल्या फरकातून सेवेचा मोबदला बाजूला काढल्यावर जो व्याजाचा अधिकचा भाग राहतो, तो विकणाऱ्या कंपनीकडे येणार असेल, तर त्याचेही आजचे मूल्य काढून नफ्यात धरले जाते. हा भाग मेहनतान्याचा नव्हे, व्याजाचा आहे, म्हणून त्याची गणना सेवाहक्कात होत नाही. भारतीय गृहवित्त कंपन्यांच्या नफा-तोटा पत्रकात विकलेल्या कर्जांवरील उत्पन्नाची जी ओळ दिसते, तिच्यात बहुधा हाच भाग मोठा असतो.

येथे बँका आणि गृहवित्त कंपन्या यांच्या वाटा वेगळ्या होतात. मोठ्या बिगर-बँक वित्तसंस्थांना इंड-एएस २०१८ पासून टप्प्याटप्प्याने लागू झाले. बँकांसाठी मात्र रिझर्व्ह बँकेने मार्च २०१९ मध्ये ते पुढील सूचनेपर्यंत लांबणीवर टाकले. म्हणून भारतीय बँकेच्या ताळेबंदात सेवाहक्काचा स्वतंत्र रकाना सहसा आढळत नाही. सेवाशुल्क मिळत जाईल तसे ते उत्पन्नात धरले जाते.

कागदी नफ्याबाबत रिझर्व्ह बँकेची भूमिका आरंभापासून सावध आहे. २००६ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार प्रतिभूतीकरणातील नफा एकदम न घेता रोख्यांच्या आयुष्यभर विभागून घ्यावा लागे. २४ सप्टेंबर २०२१ च्या निर्देशांनी नफा विक्रीच्या वर्षात दाखवण्यास मुभा दिली. मात्र प्रत्यक्ष न मिळालेला नफा नियामक भांडवल मोजताना वगळावा, अशी अट घातली. नफा दाखवा, पण त्याच्या बळावर नवी कर्जे वाटू नका, असा या अटीचा आशय आहे. जगभरच्या बासेल-३ नियमांतही सेवाहक्क भांडवलात किती धरता येईल याला मर्यादा आहे. ही मर्यादा आल्यावर अमेरिकेतील अनेक बँकांनी आपले सेवाहक्क बिगर-बँक कंपन्यांना विकले.

अमेरिकी मानकांत सेवाहक्क पुढे मोजण्याच्या दोन पद्धती आहेत. पहिलीत तो हक्क मिळणाऱ्या शुल्काच्या प्रमाणात दरवर्षी झिजवायचा आणि बाजारमूल्य पुस्तकी किमतीखाली गेल्यास तूट नोंदायची. दुसरीत दर तिमाहीला वाजवी मूल्य काढून फरक थेट नफा-तोट्यात न्यायचा. पहिली पद्धत संथ असते, तर दुसरी ताजी पण चंचल. २००६ पासून दुसऱ्या पद्धतीचा पर्याय खुला झाला.

सेवेकरी कोसळला तर?

सेवाहक्काच्या किमतीमागे एक न लिहिलेले गृहीतक असते : पैसे गोळा करणारा ते ज्याचे त्याला पोचवील. २०१९ मध्ये मुंबईच्या दिवाण हाउसिंग फायनान्स या कंपनीच्या निमित्ताने त्याची कसोटी लागली. या कंपनीने आपली अनेक कर्जे बँकांना आणि गुंतवणूकदारांना विकली होती, पण वसुली तिच्याकडेच होती. ती अडचणीत आल्यावर धनकोंच्या वादात मुंबई उच्च न्यायालयाने तिला देणी देण्यास मनाई केली आणि आधीच विकलेल्या कर्जांवर गोळा झालेला पैसाही काही काळ अडकला. कर्जदार नियमित हप्ते भरत होते, कर्जाचे मालक दुसरेच होते, तरी पैसा मधल्या हातात थांबला. सेवेकऱ्याची पत हाही मूल्यांकनाचा भाग असायला हवा, हे तेव्हा सर्वांना उमगले. नोव्हेंबर २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने त्या कंपनीचे संचालक मंडळ बरखास्त केले.

कर्जदाराने काय पाहावे?

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना ‘आपल्या कर्जाची सेवा अमुक तारखेपासून दुसरी कंपनी करील’ असे पत्र परिचित आहे. तेथील कायद्यानुसार ते निदान पंधरा दिवस आधी द्यावे लागते आणि नंतरचे साठ दिवस चुकून जुन्या कंपनीकडे भरलेला हप्ता उशिराचा मानता येत नाही. आपल्याकडे सेवाहक्काचा असा स्वतंत्र बाजार अजून उभा राहिलेला नाही, कारण कर्ज विकणारी संस्था सेवा सहसा स्वतःकडेच ठेवते. पण बँका आणि बिगर-बँक कंपन्यांची सहकर्जे वाढत आहेत. त्यांत कर्जाचा मोठा वाटा बँकेचा असू शकतो आणि कर्जदाराशी संबंध मात्र कंपनीचा असतो. हे पाहता मालक आणि सेवेकरी वेगळे असणे हा अपवाद राहणार नाही.

अशा वेळी रिझर्व्ह बँकेचा १३ सप्टेंबर २०२३ चा आदेश कर्जदाराच्या कामाचा आहे. १ डिसेंबर २०२३ पासून, कर्ज पूर्ण फिटल्यावर मिळकतीची मूळ कागदपत्रे ३० दिवसांच्या आत परत करणे आणि नोंदलेला बोजा उतरवणे बंधनकारक आहे. संस्थेच्या चुकीने उशीर झाल्यास दर दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यावी लागते. वरच्या उदाहरणातील शिक्षकाच्या कर्जावर पहिल्या वर्षी मिळालेले सगळे सेवाशुल्क अशा एका दिवसाच्या उशिराने संपते. कर्ज आदिलाबादचे असो वा पणजीचे, कर्जदाराने मंजुरीपत्राबरोबर दोन गोष्टी लेखी मागून ठेवाव्यात : मूळ कागदपत्रे कोणत्या कार्यालयात आहेत आणि कर्ज फिटल्यावर ती कोण, कोठे परत करील.